माझदा: नाव एका इंजिनाचं, पोट दुसऱ्याचं

आपल्याकडे ‘माझदा’ म्हटलं की डोळ्यांसमोर कार येत नाही, मिनीबस येते. शाळेची, एमआयडीसीतल्या शिफ्टची, नाहीतर वऱ्हाडाची, अंगावर ‘स्वराज माझदा’ लिहिलेली. ऐंशीच्या दशकात हलक्या मालवाहू गाड्यांसाठी सरकारनं जपानी कंपन्यांना दार किलकिलं केलं आणि डीसीएम-टोयोटा, ऑल्विन-निस्सान, आयशर-मित्सुबिशी, स्वराज-माझदा अशा चार जोड्या पाठोपाठ आल्या. त्यांतली ही पंजाबातली. पुढे माझदा त्यातून बाहेर पडली, कंपनीचं नाव एसएमएल इसुझू झालं आणि २०२५ मध्ये ती महिंद्राच्या ताब्यात गेली. आपल्या बाजारात कार विकायला मात्र माझदा कधी आलीच नाही.

त्यामुळे ह्या कंपनीबद्दलची आपली मतं बहुतेक ऐकीव. गेममध्ये आणि यूट्यूबवर गाड्या बघणारी पोरं ‘आरएक्स-७’ ह्या माझदाच्या स्पोर्ट्स कारचं नाव निघालं की हळवी होतात. मेलबर्न किंवा न्यू जर्सीतला कुणीतरी मावसभाऊ सांगतो, सीएक्स-५ घेतलीय, आजवर काही काम निघालं नाही. आणि जपानमधल्या जुन्या माणसांत एक समज पक्का होता की माझदा घेणं सोपं, विकणं कठीण. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, फक्त वेगवेगळ्या काळातल्या आणि वेगवेगळ्या इंजिनांच्या. ज्या इंजिनानं माझदाचं नाव जगभर झालं, त्यानंच कंपनी एकदा बुडायला आणली होती. आणि ज्या साध्यासुध्या गाड्यांनी तिला दरवेळी वर काढलं, त्यांचे पोस्टर कुणी भिंतीवर लावत नाही.

सुरुवात गाड्यांची नव्हेच, कॉर्कची. १९२० साली हिरोशिमात ‘तोयो कॉर्क कोग्यो’ नावाची कंपनी निघाली. दुसऱ्याच वर्षी तिची सूत्रं जुजिरो मात्सुदा ह्यांच्याकडे आली. कोळ्याच्या घरातला हा माणूस लहानपणी घर सोडून लोहारकाम शिकला होता आणि यंत्रांत रमणारा होता. कॉर्कच्या धंद्यात त्याचा जीव किती रमला असेल शंकाच आहे. १९२७ मध्ये कंपनीच्या नावातून ‘कॉर्क’ गेलं, यंत्रं बनवायला सुरुवात झाली आणि १९३१ मध्ये ‘माझदा-गो’ ही तीनचाकी मालगाडी बाहेर पडली. पुढे मोटारसायकलसारखं एक चाक आणि हँडल, मागे दोन चाकं आणि उघडा हौदा. नावात पारशी धर्मातला अहुर मझ्दाही आहे आणि संस्थापकाचं आडनावही, असं कंपनी सांगते. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं कंपनीनं एकही कार विकली नाही. भाजी, लाकूड, कापड वाहणाऱ्या ह्या तीनचाकींवरच तिचा संसार चालला.

६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर बॉम्ब पडला. त्या दिवशी मात्सुदा ह्यांना सत्तर वर्षं पूर्ण होत होती. कारखाना स्फोटाच्या जागेपासून साधारण पाच किलोमीटरवर, फुचू ह्या गावात होता, आणि दोहोंच्या मध्ये हिजियामा नावाची टेकडी होती. उंची म्हणाल तर जेमतेम सत्तर मीटर. आपल्याकडे एवढ्या उंचवट्याला कुणी टेकाडसुद्धा म्हणणार नाही. पण तिनं लाटेचा मोठा मार अंगावर घेतला आणि कारखान्याच्या बऱ्याचशा इमारती उभ्या राहिल्या. शहरात गेलेले कामगार मात्र वाचले नाहीत. कारखान्याच्या आवारात जखमींवर उपचार झाले. जिल्ह्याचं सरकारी कार्यालय नष्ट झालं होतं, ते इथंच हललं आणि १९४६ च्या मध्यापर्यंत इथूनच चाललं. न्यायालय, वर्तमानपत्र, रेडिओ अशा संस्थांनाही इथंच आसरा मिळाला. आणि १९४५ च्याच डिसेंबरमध्ये, म्हणजे बॉम्बनंतर चार महिन्यांत, तीनचाकी गाड्या पुन्हा बाहेर पडू लागल्या. राखेतून शहर उभं करायला सामान वाहणारं काहीतरी हवंच होतं.

हे सांगण्याचं कारण असं, की माझदा आणि हिरोशिमा ह्यांचं नातं मालक आणि गावाचं राहिलं नाही. टोयोटाचं नाव तिच्या शहरालाच दिलंय, पण इथं उलटं आहे: शहरानं कंपनी आपली मानलीय. तिथल्या बेसबॉल संघाचं नाव ‘हिरोशिमा तोयो कार्प’. त्यातलं तोयो ह्याच कंपनीच्या जुन्या नावातलं. संघाचं मैदान माझदाच्या नावाचं. ह्या नात्याचा उपयोग पुढे एकदा अगदी रोख पैशांत झाला, ते येईलच.

पहिली कार आली १९६० मध्ये. ‘आर-३६०’ नावाची इटुकली गाडी, इंजिन ३५६ सीसी. ती खपली, पण वरून वेगळंच संकट येत होतं. जपानच्या उद्योग खात्याला वाटत होतं की देशात कार कंपन्या फार झाल्या, त्यांचे गट करावेत, लहानांनी मोठ्यांत विलीन व्हावं. परदेशी गाड्यांना बाजार मोकळा झाला की हे लहान लहान कारखाने टिकणार नाहीत, असं त्यामागचं गणित. जुजिरोंचे चिरंजीव त्सुनेजी मात्सुदा तेव्हा अध्यक्ष होते. त्यांना कळून चुकलं की आपल्याकडे दुसऱ्या कुणाकडे नाही असं काहीतरी असलं तरच आपण वेगळे उरू. ते जर्मनीला गेले आणि १९६१ मध्ये ‘एनएसयू’ कंपनीशी करार करून एका अर्धवट इंजिनाचे हक्क घेऊन आले. हेच ते रोटरी इंजिन.

ते कसं चालतं हे समजलं की पुढचा सगळा इतिहास समजतो, म्हणून जरा थांबू.

साध्या इंजिनात पिस्टन वर-खाली करतो. वर जातो, थांबतो, उलटा फिरतो, खाली येतो, पुन्हा थांबतो, आणि हे मिनिटाला हजारो वेळा. क्रँक ह्या वर-खालीचं गोल फिरण्यात रूपांतर करतो. हवा आत घ्यायला आणि धूर बाहेर टाकायला व्हॉल्व्ह, व्हॉल्व्ह उघडायला कॅम, कॅम फिरवायला चेन किंवा पट्टा. चाकाला शेवटी गोलच फिरायचंय, तर इंजिनही पहिल्यापासून गोल का फिरू नये, हा फेलिक्स वांकेल ह्या जर्मन संशोधकाचा प्रश्न.

त्याचं उत्तर असं. कमरेत किंचित चिमटलेल्या लंबगोलासारखी एक पोकळी. तिच्यात फुगीर कडांच्या समोशासारखा तीन टोकांचा रोटर. हा समोसा बरोबर मध्यभागी फिरत नाही, जरा बाजूला सरकलेल्या दांड्यावर डुलत फिरतो, आणि फिरताना त्याची तिन्ही टोकं सतत भिंतीला घासत राहतात. त्यामुळे रोटरच्या तीन बाजू आणि भिंत ह्यांच्यामध्ये तीन कप्पे होतात. फिरता फिरता प्रत्येक कप्पा मोठा होतो, लहान होतो, पुन्हा मोठा, पुन्हा लहान. पहिल्यांदा मोठा होताना हवा आणि पेट्रोल ओढतो, लहान होताना ते दाबतो. मग ठिणगी पडते, स्फोटानं कप्पा फुगतो आणि रोटरला ढकलतो, आणि शेवटी आकसत धूर बाहेर टाकतो. पिस्टनचंच काम, पण मध्ये कुठंही न थांबता आणि तिन्ही कप्प्यांत एकाच वेळी. व्हॉल्व्ह लागतच नाहीत, जाता जाता रोटरच भोकं झाकतो आणि उघडतो. हलणारे भाग मोजकेच. इंजिन लहान, हलकं, आणि वेग वाढवत नेला तरी थरथर जवळजवळ नाही. चालवणारे ह्याच गोष्टीवर भाळतात.

आता दुखणी. पहिलं दुखणं टोकांचं. पिस्टनला गोल रिंगा असतात, तशा रोटरच्या टोकाला बारीक पट्ट्या असतात. कप्प्यातला दाब बाजूच्या कप्प्यात जाऊ नये ही त्यांची जबाबदारी. ह्या पट्ट्या भिंतीवरून प्रचंड वेगानं घासत जातात. दुसरं दुखणं कप्प्याच्या आकाराचं. पिस्टनच्या डोक्यावर आग एका आटोपशीर जागेत पेटते. इथं कप्पा लांबट आणि पातळ, शिवाय पेट घेता घेता पुढे सरकणारा. आगीची बरीचशी उष्णता भिंतींतच जाते, कोपऱ्यांतलं पेट्रोल नीट जळत नाही. म्हणजे अ‍ॅव्हरेज मार खाणार. तिसरं, टोकांना वंगण लागतं म्हणून थोडं ऑइल मुद्दाम आत सोडायचं आणि जाळायचं. रोटरी गाडी ऑइल खाते हा तिच्यातला बिघाड नव्हे, ती तशीच बनवलेली असते.

हिरोशिमात हे इंजिन आलं तेव्हा पहिल्या दुखण्यानंच सगळ्यांना भंडावलं. काही तास चालवून इंजिन उघडलं की आतल्या गुळगुळीत भिंतीवर आडव्या लाटांसारखे ओरखडे दिसायचे. इंजिनिअर त्यांना ‘सैतानाच्या नखांच्या खुणा’ म्हणायचे. १९६३ मध्ये केनिची यामामोतो ह्यांच्या हाताखाली ४७ जणांचा स्वतंत्र विभाग झाला. धन्याचा सूड घेणाऱ्या ४७ सामुराईंची कथा जपानमध्ये घराघरात माहीत आहे, त्यामुळे ह्या मंडळींना तेच नाव पडलं. पट्ट्या किती कठीण कराव्यात ह्यावर बराच काळ गेला. मग लक्षात आलं की प्रश्न नुसत्या कठीणपणाचा नाही. घासता घासता पट्टी आपल्याच एका ठरावीक लयीत थरथरते, भिंतीवर नाचते आणि प्रत्येक उडीला एक ओरखडा काढते. पट्टीत आडवी-उभी भोकं पाडून तिची लय बदलली, तर ओरखडे गायब. शेवटी निप्पॉन कार्बन ह्या कंपनीबरोबर अ‍ॅल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनच्या पट्ट्या तयार झाल्या, आणि त्या टिकल्या. मधल्या काळात ऑइल गळून पांढरा धूर सोडणाऱ्या चाचणीच्या गाड्यांची जी थट्टा झाली ती निराळीच.

मे १९६७ मध्ये ‘कॉस्मो स्पोर्ट’ विक्रीला आली. दोन रोटर, ११० अश्वशक्ती, दिसायला अंतराळयानाच्या जवळची. पाच वर्षांत बाराशेसुद्धा बनल्या नाहीत, पण काम झालं: १९६८ मध्ये जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगवर ८४ तासांच्या शर्यतीत एक कॉस्मो चौथी आली. गंमत बघा, त्याच १९६७ मध्ये मूळ मालक एनएसयूनंही आपली रोटरी गाडी ‘आरओ-८०’ बाजारात आणली. तिच्या पट्ट्या गिऱ्हाइकाच्या हातात झिजल्या. कंपनी वॉरंटीत इंजिनं बदलून देता देता खचली आणि १९६९ मध्ये फोक्सवागनच्या पोटात गेली. जनरल मोटर्स, डेमलर-बेंझ, सित्रोएन, सगळ्यांनी रोटरीला हात लावून पाहिला आणि एकेकानं काढून घेतला. शेवटी ज्याला हे इंजिन सोडणं परवडत नव्हतं तोच उरला.

सत्तरीच्या सुरुवातीला माझदानं छोट्या-मोठ्या सगळ्याच गाड्यांत रोटरी बसवायचा सपाटा लावला. अमेरिकेत धुराचे नियम कडक होत होते आणि मोठमोठे कारखानदार ‘हे शक्य नाही’ म्हणून रडत होते. रोटरीचा न जळालेला धूर बाहेरच्या एका भट्टीत जाळून माझदानं ते नियम वेळेआधीच पाळून दाखवले. कौतुक झालं, विक्री चढली. आणि १९७३ च्या अखेरीस अरब देशांनी तेलाचा नळ आवळला.

पेट्रोलच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला इंजिन किती गुळगुळीत फिरतं ह्याच्याशी काय देणंघेणं? अमेरिकी सरकारच्या चाचण्यांत रोटरी गाड्यांचे आकडे अगदीच वाईट आले, ते छापून आले, आणि वर्षभरात तिथली विक्री निम्म्यावर आली. हिरोशिमाच्या आवारात न खपलेल्या गाड्यांची रांग लागली. कंपनीला कर्ज देणाऱ्या सुमितोमो बँकेनं आपली माणसं कारभारात बसवली. कामावरून कुणाला काढायचं नाही असं ठरलं, म्हणून कारखान्यातले हजारो कामगार जपानभरच्या डीलरांकडे पाठवले गेले. काल पान्यानं नट आवळणारा माणूस आज कोट घालून अनोळखी गावात दारोदार ‘गाडी घ्या’ म्हणत फिरत होता. आणि हिरोशिमातल्या दुकानदारांनी, व्यापाऱ्यांनी, पुरवठादारांनी मिळून गाडी घ्यायची तर माझदाचीच अशी मोहीम काढली. रोख पैशांतलं नातं म्हटलं ते हे. १९७७ मध्ये संस्थापकांचे नातू कोहेई मात्सुदा ह्यांना अध्यक्षपद सोडावं लागलं, आणि १९७९ मध्ये फोर्डनं कंपनीचा जवळपास चौथा हिस्सा घेतला.

मग कंपनीला वाचवलं कुणी? पिस्टनच्या, नेहमीच्या, नाव न घेण्याजोग्या गाड्यांनी. १९८० ची ‘फॅमिलिया’ ही पुढच्या चाकांनी ओढणारी लहान हॅचबॅक त्यांतली शिरोमणी. जपानचा ‘कार ऑफ द इयर’ हा मान सुरू झाला तो तिच्यापासून, आणि काही महिने तर तिनं टोयोटा कोरोलालाही मागे टाकलं. तरुणांत लाल फॅमिलियाची अशी टूम निघाली की टपावर सर्फिंगची फळी बांधून पोरं शहरात भटकायची. त्यांतली बरीच समुद्राकडे फिरकायचीसुद्धा नाहीत. रोटरीला तोवर एकाच कोपऱ्यात बसवलं होतं: १९७८ ची आरएक्स-७. पेट्रोल जास्त खाल्लं तरी चालेल असं म्हणणारं गिऱ्हाईक स्पोर्ट्स कारलाच मिळतं, हा हिशेब बरोबर ठरला. तीन पिढ्यांत मिळून ह्या गाडीचे आठ लाखांवर नग खपले.

१९८४ मध्ये कंपनीनं अधिकृत नावही ‘माझदा’ केलं. त्याच वर्षी अध्यक्ष झाले ते यामामोतो, सैतानाची नखं कापणारे. बॉब हॉल नावाच्या एका अमेरिकी पत्रकारानं १९७९ च्या सुमारास त्यांना सुचवलं होतं की जुन्या ब्रिटिश दोन सीटच्या उघड्या गाड्या संपल्या, तुम्ही तशी एक साधी, स्वस्त, पण न बिघडणारी गाडी करा. हॉल पुढे माझदातच नोकरीला लागला आणि १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ‘एमएक्स-५’ उभी राहिली. इंजिन साधं १६०० सीसीचं. वजन टनाच्या आत. ताकदीत तिला हरवणाऱ्या गाड्या ढिगानं होत्या. पण हलकी गाडी वळणावर काय मजा देते हे लोकांना आठवलं, आणि २०१६ पर्यंत दहा लाख एमएक्स-५ बनल्या. माझ्या मते माझदाची सगळ्यात शहाणी गाडी ही, आरएक्स-७ नव्हे.

पण पोस्टर पुन्हा रोटरीनंच मिळवलं. जून १९९१, फ्रान्समधली ल मान्सची २४ तासांची शर्यत. चार रोटरांची, नारिंगी-हिरव्या रंगाची ‘७८७-बी’, गाडी क्रमांक ५५. चालक व्होल्कर वाइडलर, जॉनी हर्बर्ट आणि बेर्ट्रां गाशो. ३६२ फेऱ्या मारून ती पहिली आली. जपानी कंपनीचा ल मान्समधला हा पहिला विजय. पुढचा व्हायला टोयोटाला २०१८ उजाडावं लागलं. शेवटचा टप्पा चालवलेला हर्बर्ट गाडीतून उतरला आणि अंगातलं पाणी संपल्यामुळे कोसळला. सत्कारालाही तो उभा राहू शकला नाही. ‘माझदा जिंकली म्हणून रोटरीवर बंदी घातली’ असं सांगणारे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. तसं झालेलं नाही. साडेतीन लिटरच्या पिस्टन इंजिनांचा नियम शर्यतीच्या आधीच ठरलेला होता. ती रोटरीला मिळालेली शेवटची संधी होती.

आणि हा विजय होत असतानाच घरात आग लागली होती. जपानमध्ये पैशाचा फुगा वाढत होता त्या दिवसांत माझदाला टोयोटा-निस्सानसारखं मोठं व्हायचं होतं. एका नावाची पाच दुकानं केली: माझदा, ऑटोझॅम, युनोस, आन्फिनी, ऑटोरामा. एकच गाडी थोडा मुखवटा बदलून तीन नावांनी विकायची. गिऱ्हाईक गोंधळलं, खर्च वाढला, फुगा फुटला. गाड्या खपवायला डीलर तुफान सूट देऊ लागले. सूट देऊन विकलेल्या गाडीला जुन्या बाजारात भाव मिळेना, आणि तिचे बरे पैसे द्यायला एकटा माझदाचाच डीलर तयार व्हायचा, तेही बदल्यात नवी माझदा घेतली तर. म्हणजे एकदा घेतली की सुटका नाही. जपानी लोक ह्याला सरळ ‘माझदा नरक’ म्हणू लागले. टीव्हीवरच्या कितीही जाहिराती असं एक टोपणनाव पुसू शकत नाहीत.

१९९६ मध्ये फोर्डनं हिस्सा ३३.४ टक्क्यांवर नेला आणि हेन्री वॉलेस ह्यांना अध्यक्ष केलं. मोठ्या जपानी कार कंपनीच्या खुर्चीत बसलेला हा पहिला परदेशी माणूस. निस्सानला कार्लोस घोन आले ते नंतर. फोर्डच्या काळात खर्च छाटला गेला, दुकानं आवरली, आणि माझदाची इंजिनं फोर्डच्या गाड्यांत गेली. आपल्याकडे आलेल्या पहिल्या फोर्ड एन्डेव्हरमधलं २.५ लिटरचं डिझेल इंजिन मूळ माझदाचंच. त्या दांडग्या गाडीच्या किती मालकांना हे ठाऊक असेल कोण जाणे. २००३ मध्ये आरएक्स-८ आली. पहिल्या आरएक्स-७ चं रूप मातासाबुरो माएदा ह्यांच्या देखरेखीखाली ठरलं होतं. आरएक्स-८ चं त्यांचे चिरंजीव इकुओ ह्यांनी काढलं. गाडी देखणी, पण दुखणी तीच जुनी. धुराच्या नव्या नियमांपुढे तिचं चालेना आणि २०१२ मध्ये तिचं उत्पादन थांबलं.

२००८ च्या मंदीत फोर्डलाच पैशांची चणचण लागली आणि त्यानं माझदातून अंग काढायला सुरुवात केली. माझदा एकटी पडली, चार वर्षं सलग तोट्यात गेली. मार्च २०१२ ला संपलेल्या वर्षात तोटा १०७.७ अब्ज येन होता. बाकीच्या कंपन्या तेव्हा लहान इंजिनाला टर्बो लावत होत्या किंवा हायब्रीड बनवत होत्या. माझदाकडे त्यातल्या कशालाच पुरेसा पैसा नव्हता. मित्सुओ हितोमी ह्यांच्या गटानं मग साध्या पेट्रोल इंजिनाचाच पुन्हा पाया खणला.

पेट्रोल पेटवण्याआधी हवा जितकी दाबाल तितकं त्याच थेंबातून जास्त काम निघतं. पण फार दाबली तर ठिणगीची वाट न बघता मिश्रण आपलं आपण पेटतं आणि इंजिन ठोकायला लागतं. गॅरेजवाले त्याला नॉकिंग म्हणतात. म्हणून तेव्हाची बहुतेक इंजिनं दहा-अकरा पटीवर थांबायची. माझदा १४ पटीपर्यंत गेली. युक्ती अशी की, आधीच्या स्फोटाचा गरम धूर सिलिंडरमध्ये उरला तर नवी हवा तापते आणि ठोका बसतो; म्हणून धुराच्या नळ्या लांब आणि वळणदार करून तो पुरता बाहेर काढला. पिस्टनच्या माथ्यावर खळगा ठेवला, म्हणजे आगीला फुलायला जागा मिळते. ‘स्कायअ‍ॅक्टिव्ह’ हे त्याचं नाव, आणि ते घेऊन २०१२ मध्ये सीएक्स-५ आली. तीच मावसभावाची गाडी. आज कंपनीचा डोलारा मुख्यतः तिच्यावर आणि तिच्या भावंडांवर उभा आहे.

२०२० मध्ये अमेरिकेच्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ ह्या ग्राहक मासिकानं मालकांच्या अनुभवांवरून केलेल्या यादीत माझदा पहिली आली, टोयोटा आणि लेक्सस तिच्या मागे. कारण अगदी रटाळ होतं: बऱ्याच गाड्यांत टर्बोची भानगड नाही, बहुतेकांत नेहमीचा सहा गिअरचा ऑटोमॅटिक, आणि नवं काही आणायचं तर एकदम सगळं न बदलता थोडं थोडं. साठ वर्षांपूर्वी ‘दुसऱ्या कुणाकडे नाही ते’ शोधायला निघालेली कंपनी, दुसऱ्यांनी सोडून दिलेली साधी गोष्ट नीट करून टिकाऊ म्हणून नावाजली गेली.

ह्याचा अर्थ धुतल्या तांदळासारखं सगळं स्वच्छ आहे असा नाही. जुन्या माझदा गाड्या थंड देशांत, रस्त्यावर मीठ टाकतात तिथं, फार लवकर गंजायच्या. २००० च्या दशकातल्या गाड्यांबद्दल ही तक्रार ब्रिटन-कॅनडात सर्रास ऐकू येते. २०१८ मध्ये धूर आणि इंधनाच्या तपासणीत चुकीचे आकडे ग्राह्य धरल्याचं उघड झालं. २०२४ मध्ये जपानी सरकारच्या चौकशीत टोयोटा, होंडा, सुझुकी आणि यामाहाबरोबर माझदाही सापडली: इंजिनाच्या चाचणीत सॉफ्टवेअर बदललेलं होतं आणि टक्करीच्या काही चाचण्यांत एअरबॅग गाडीच्या सेन्सरऐवजी घड्याळ लावून उघडली होती. दोन मॉडेलं काही काळ कारखान्यातच अडकली. एकटी माझदाच होती असं नाही, हे खरं. पण ‘आम्ही वेगळे’ ह्या भांडवलावर जगणाऱ्या कंपनीला तेही सांगायची सोय राहिली नाही.

सध्या ती वर्षाला बारा-तेरा लाखांच्या आसपास गाड्या विकते. टोयोटाचा तिच्यात पाचेक टक्के हिस्सा आहे आणि अमेरिकेत अलाबामात दोघांचा एकत्र कारखाना आहे. विजेच्या गाड्यांत ती उशिरा उतरली. रोटरीही परत आलीय, २०२३ पासून, ‘एमएक्स-३०’ मध्ये. पण चाकांना हात लावायची तिला परवानगी नाही. एकच रोटर, ८३० सीसी, काम फक्त बॅटरी भरणाऱ्या जनरेटरचं. लहान जागेत मावणं आणि एकाच वेगात न थरथरता फिरणं, हे तिचे गुण तिथं उपयोगी पडतात.

परदेशात राहणाऱ्या आणि जुनी गाडी शोधणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. सीएक्स-५ किंवा माझदा-३ घेताना नेहमीची तपासणी पुरे. थंड प्रदेशातली असेल तर लिफ्टवर चढवून मागच्या चाकांच्या कमानी आणि तळ गंजासाठी बघा. आरएक्स-८ स्वस्तात दिसली म्हणून लगेच हात घालू नका. इंजिन चांगलं तापेपर्यंत चालवा, बंद करा, लगेच पुन्हा सुरू करा; चटकन पेटलं नाही तर पट्ट्या झिजल्यात असं धरून चाला. दाब मोजायला रोटरीचं वेगळं यंत्र लागतं, जे तिन्ही कप्प्यांचा दाब निरनिराळा दाखवतं. साध्या यंत्रानं काढलेला आकडा विकणारा दाखवत असेल तर तो धरू नका. घेतलीच, तर पेट्रोल भरताना दरवेळी ऑइलची काडी बघायची, आणि थंड इंजिन नुसतं पार्किंगमधून गाडी हलवण्यापुरतं सुरू करून लगेच बंद करायचं नाही. प्लग भिजतात, आणि मग टोइंगवाल्याला फोन करावा लागतो.